दाराखालचा लाल उजेड

महिपतीचं काम वायरमनचं. आमच्या पेठेतल्या मागांच्या शेडमधून तो वर्षभर फिरायचा, जळालेल्या मोटारी सोडवायचा, फ्यूज बांधायचा. पण गल्लीत त्याला वायरमन कुणी म्हणत नसे. सगळे म्हणत 'देखाव्यावाला'. नागपंचमी झाली की त्याचं लक्ष धंद्यातून उडायचं. रस्त्यात मध्येच थांबून तो कुणाच्या तरी घराच्या पत्र्याकडे, कुणाच्या खिडकीच्या गजांकडे टक लावून बघत राहायचा. सायकलवाले घंटी वाजवून दमत, शिव्या घालत, बाजूने निघून जात.

तो वैरागकडचा. भावांत वाटणी झाल्यावर वाट्याला आलेलं रान एका बैलजोडीलाही पुरेना, म्हणून बायकोला, रंभाबाईला, घेऊन सोलापुरात आला. शिक्षण म्हणाल तर मराठी चौथी. पण पुठ्ठा, बांबूच्या काड्या आणि फाटक्या चादरींचे तुकडे हातात दिले की तो त्यांची घरं करी. घरं म्हणजे खेळण्यातली नव्हेत. टेप घेऊन खरं घर मोजायचं आणि त्याच मापात लहान करायचं. एका वर्षी त्यानं रेल्वे स्टेशन केलं होतं, फलाटावरच्या बाकांसकट. एका वर्षी आठवड्याचा बाजार केला, तर ओळखीची माणसं आपापला पाल शोधत बसली.

मी त्या गल्लीच्या टोकाला असलेल्या महानगरपालिकेच्या शाळेत शिकवायला होते आणि महिपतीच्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. रंभाबाईचं आणि माझं पाणी एकाच नळाचं. त्यामुळे हे जे घडलं, ते मी सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

महिपतीचं खरं वेड घरांचं नव्हतं, दिव्यांचं होतं. "बाई," तो मला म्हणायचा, "दिवा हालला पायजे. हालला न्हाय तर ते घर न्हाय, नुसती पेटी हाय." दिवा हलता करायला तो ट्यूबलाईटचा स्टार्टर वापरायचा. बल्बच्या वायरीत मध्ये स्टार्टर जोडला की बल्ब आपोआप लुकलुकतो, ही युक्ती तेव्हा सगळ्याच मंडळांना ठाऊक होती. पण बल्ब पडला पेरूएवढा, आणि महिपतीचं घर वीतभर. शिवाय बल्ब तापे. आठवड्याच्या बाजाराच्या वर्षी एका पालाचं कापड करपलं आणि भर गर्दीत धूर निघाला, तेव्हापासून तो लहान आणि थंड दिव्याच्या शोधात होता.

तो दिवा आणला माझ्या धाकट्या भावानं, मुकुंदानं. तो पुण्याला यंत्रांचे मीटर बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला होता. अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात तो माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या खिशात काड्यापेटी होती आणि काड्यापेटीत कापसात गुंडाळलेले तुरीच्या दाण्याएवढे लाल दिवे. "याला एलईडी म्हणतात," मुकुंद म्हणाला. "आत तार नाही, त्यामुळे तुटायचं काही नाही. तापत नाही. मीटरमधे बसवतो आम्ही. हे थोडे फिके निघाले म्हणून बाजूला काढलेले."

महिपतीनं एक दिवा उचलून थेट स्कूटरच्या बॅटरीला लावला. दिवा डोळे दिपवील असा चमकला आणि मेला.

"अहो, मध्ये रेझिस्टन्स लागतो!" मुकुंदानं कपाळावर हात मारला. मग दोघे दुपारभर ओसरीत बसले. लांब पाय प्लसला, आखूड मायनसला, मध्ये रेझिस्टन्स, हे महिपतीनं तोंडपाठ केलं. दुसरा दिवा लागला. लाल, बारीक, अंधारातच दिसेल असा. महिपतीनं तो तळहातावर ठेवला, मूठ मिटली आणि बोटांच्या फटीतून आत बघत राहिला.

"निखारा हाय ह्यो," तो म्हणाला. "पर चटका न्हाय."

त्याच आठवड्यात आबासाहेबांनी त्याला बोलावलं. आबासाहेब आमच्या मंडळाचे अध्यक्ष. पेठेत त्यांच्या मागांच्या तीन शेड होत्या आणि निम्मी गल्ली त्यांच्याकडे कामाला होती. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी त्यांच्या एका शेडला आग लागली होती. मी तेव्हा सोलापुरात नव्हते, पण ती गोष्ट गल्लीत आलेल्या प्रत्येकाला सांगितली जायची. रातपाळी चालू होती, लाईट गेली, कंदील सुतावर पडला आणि बघता बघता शेड पेटली. सगळं जळालं, भिंतीवरचा गणपतीचा फोटो तेवढा शाबूत राहिला. कामगारही सगळे वाचले. एक नरसय्या सोडून. तो म्हणे दारू पिऊन मागच्या खोलीत सुताच्या गठ्ठ्यांवर पडला होता, त्याला हाका ऐकूच गेल्या नाहीत. पंचनाम्यातही तसंच लिहिलं गेलं.

ती आग आबासाहेबांना देखाव्यात हवी होती. पेटलेली शेड, सुखरूप बाहेर पडणारी माणसं आणि मधोमध झळकणारा बाप्पा.

"जाळ खरा वाटला पाहिजे, महिपती," ते म्हणाले. "लोकांच्या अंगावर काटा आला पाहिजे."

महिपतीला दुसरं काय हवं होतं! त्यानं ती शेड मोजून काढली. शेड पुन्हा त्याच भिंतींवर उभी राहिली होती, फक्त मागच्या खोलीचं गल्लीत उघडणारं दार विटांनी बुजवलेलं होतं. त्या खोलीत पूर्वी सुताचा साठा असे आणि बायका कांड्या भरत, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळत. दार कसं होतं ते सांगायला शेडचा जुना मुकादम धोंडीराम बरोबर होता.

"दोन फळ्यांचं. साधंच," धोंडीराम म्हणाला.

"आत उघडायचं का भायेर?"

"भायेर."

"मग उघडंच दावू न्हवं?"

धोंडीराम दुसरीकडे बघत म्हणाला, "आबासाहेब म्हनतील तसं."

आबासाहेब म्हणाले, "उघडंच दाखव. त्यातून माणसं बाहेर पडतायत असं दिसू दे."

हे संवाद मला महिपतीनंच नंतर सांगितले, अगदी शब्दाशब्दानं. तेव्हा मात्र त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याचं डोकं जाळात गुंतलं होतं.

आग नियमानं लुकलुकत नाही, हा त्याचा पेच होता. तो रोज सकाळी रंभाबाईच्या चुलीपुढे जाऊन बसायचा. "आवं, भाकरी करपाय लागली आन् तुमी मला सरकू दिना की!" ती ओरडायची. तो म्हणायचा, "थांब जरा. बग, उसळायच्या आदी जाळ खाली बसतोय." मग त्यानं मागाचा एक मोडका लाकडी रूळ आणला आणि त्यावर पितळी पत्र्याचे तुकडे चिकटवले, कुठे लांब, कुठे आखूड, कुठे नुसतं टिंब. वर तारांच्या जिभा टेकवल्या. पंख्याच्या छोट्या मोटारीनं रूळ फिरू लागला, की जीभ पितळेवर आली तर दिवा लागे, लाकडावर गेली की विझे. एकेका जिभेला दोन-दोन लाल दिवे. शिवाय पिवळा जिलेटीन कागद लावून दोन-चार बॅटरीचे बल्ब. पहिल्यांदा त्यानं मला ते दाखवलं, तेव्हा खोलीची कवाडं लावून घेतली होती. पुठ्ठ्याच्या त्या वीतभर शेडच्या खिडक्यांतून जाळ खाली बसला, थरथरला, उसळला. मी दचकून मागे सरले. महिपती लहान पोरासारखा हसला.

गणपती बसले. मंडळाच्या मांडवात आतून काळे पडदे लावले होते, कारण ते दिवे उजेडात दिसलेच नसते. मधे दोरी, दोरीपलीकडे टेबलावर शेड. उघड्या मागच्या दारात मातीची चिमुकली माणसं, हात वर करून पळणारी. माईकवर माहिती सांगायला धोंडीरामलाच उभं केलं होतं, कारण तो त्या रात्री तिथे होता. पहिल्या दिवशी रांग कोपऱ्यापर्यंत गेली. बाहेर लेझीमचा डाव चालू होता, पण लोक तो सोडून आत येत होते. महिपती मोटारीपाशी स्टुलावर बसून रूळावर हात ठेवून होता. लोक श्वास रोखत, तो ते ऐके.

माझ्या वर्गात नरसय्याची मुलगी होती. भांडण झालं की मुलं तिला एकच शिवी देत, 'दारुड्याची पोर'. मी छड्या मारल्या, समजावलं, पण शिवी गेली नाही. तिची आई कमलम्मा गल्लीच्या कोपऱ्यावर दिराच्या घरात राहायची आणि विड्या वळायची. पद्मशाली विणकरांचं घर, घरात तेलुगू चाले. आगीत तिचा हात मोडला होता, तो वाकडाच जुळला. ती मागच्या दारानं बाहेर पळताना पडली असं सगळे सांगत. बाजारहाट, पोरीची शाळा, सगळ्यावर ती चार शब्द बोलायची, पण आगीचा विषय निघाला की उठून आत जायची. मोठा धक्का बसलाय, म्हणून लोक सोडून देत.

मुलीनं पहिल्या दिवशी देखावा पाहिला आणि घरी जाऊन आईला विचारलं, "अम्मा, तू त्या उघड्या दारातून बाहेर आलीस का?"

म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कमलम्मा मांडवात आली. मी बायकांच्या रांगेत तिच्या मागेच होते. ती येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला तो कळलाही नाही.

आत अंधार झाला. रूळ फिरू लागला. खिडक्यांतून लाल जाळ उठला आणि धोंडीरामचा आवाज कर्ण्यातून घुमला, "...बाप्पाची लीला अशी, की मागल्या दारातून सगळे कामगार सुखरूप भायेर..."

कमलम्मा दोरीखालून वाकून पलीकडे गेली.

"ओ मावशी, हात लावू नका!" कुणीतरी कार्यकर्ता म्हणाला.

तिनं एका बोटानं दारातली मातीची माणसं बाजूला सारली. ती पडली. मग तिनं दाराची एक फळी लोटली. मग दुसरी. महिपतीनं हौसेनं त्या दाराला बाहेरून तारेच्या दोन बारीक कड्या लावल्या होत्या. कमलम्मानं पदराची पिन काढली आणि दोन्ही कड्यांतून आरपार घातली.

"हे असं होतं," ती म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. पण धोंडीराम टेबलाला लागूनच उभा होता आणि त्याच्या हातातला माईक चालूच होता. ते तीन शब्द साऱ्या पेठेत ऐकू गेले.

आत जाळ चालूच होता. आता तो दारातून दिसत नव्हता. बंद दाराच्या खाली फक्त एक लाल रेघ दिसत होती, थरथरणारी. ती खाली बसत होती, पुन्हा उसळत होती.  मांडवात कुणी हललं नाही. बाहेरची लेझीमसुद्धा थांबली होती.

कमलम्मा धोंडीरामकडे वळली. "सांग ना, अण्णा. आता सांग. कडी कुठून होती?"

धोंडीरामचा हात माईकसकट खाली आला, पण माईक बंद करायचं त्याला सुचलं नाही.

मग ती आमच्याकडे बघून बोलली. पाच वर्षं कुणी तिच्या तोंडून त्यातला एक शब्द ऐकला नव्हता. "मी आत कांड्या भरत होते. एकटी. पुढून जाळ आला. मी दाराशी गेले, दार हललं नाही. मी ओरडले, तलुपु तीयंडी, तलुपु तीयंडी, दार उघडा, दार उघडा. पलीकडं कुणी नाही. हे पुढं मागावर होते. ते बाहेर पडले होते, वाचले होते. माझं ओरडणं ऐकून परत आत आले. त्या जाळातून." तिनं शेडच्या पत्र्यावर बोट ठेवलं. "मला खांद्यावर घेतलं. म्हणाले, पत्रा ढकल. मी ढकलला. एक कोपरा उचकटला. त्यांनी मला वर सारलं. मी बाहेर कलले, तेव्हा त्यांचे हात माझ्या पायांना होते. मग नव्हते."

मग ती एवढंच म्हणाली, "ते पीत नव्हते. कधीच नाही. एकदापण नाही."

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या रंभाबाईनं तोंडात पदर कोंबला होता. महिपती स्टुलावर तसाच होता. त्याचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, जसे काही त्याचे नव्हेतच. डोळे त्या रेघेवर.

आबासाहेब बाहेर पाहुण्यांत बसले होते. कर्ण्यावर ऐकून ते धावत आत आले. "महिपती, दिवे बंद कर! बंद कर म्हणतो ना!"

महिपतीला ऐकू गेलं नाही. मला तर वाटतं, त्या घटकेला त्याचं नाव घेऊन हाक मारली हेही त्याला कळलं नसेल.

आबासाहेब धोंडीरामकडे वळले. "तू मला सांगितलं होतंस दार उघडलं म्हणून! माझ्या पायांवर हात ठेवून सांगितलंस!"

"मी कडी घालून जेवाय गेलतो, आबा," धोंडीराम कसाबसा म्हणाला. "आलो तवा कडी तापून लाल झाल्ती. हात लावाय येत न्हवता." आणि मग तो बोलून गेला, "पर रातपाळीला कडी घालाय तुमीच सांगितलं हुतं. सूत चोरीला जातंय म्हनून."

हेही माईकवरून गेलं.

  आबासाहेबांनी त्या बंद दाराकडे पाहिलं, लगेच नजर काढून घेतली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. कुणी त्यांना अडवलं नाही, कुणी त्यांच्या मागेही गेलं नाही. शेवटी रंभाबाई दोरीखालून आत गेली आणि तिनं बॅटरीची वायर उपटली. अंधारात फक्त एका बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी महिपती जेवला नाही. ओसरीत भिंतीला टेकून बसला. मी चहा घेऊन गेले, तेव्हा तो म्हणाला, "बाई, येवढं दीस मी त्यो जाळ बगत हुतो. कसा बसतो, कसा उसळतो, समदं बगितलं. आत कोन हाय, ह्ये माज्या मनात आलंच न्हाय." मी चहा त्याच्या हाताशी ठेवला. 

दुपारी आबासाहेबांचा माणूस निरोप घेऊन आला. देखावा काढून टाका, स्टेशनचा जुना देखावा घरी पडलेला असेल तो मांडा. महिपती उठला, डोक्यावर टोपी घातली आणि थेट कमलम्माच्या दारात गेला. मला बरोबर चला म्हणाला, म्हणून मी गेले. ती सुपात पानं घेऊन विड्या वळत होती. तिचा दीर दाराआड उभा होता, भेदरलेला. त्याचा सगळा संसार आबासाहेबांच्या मागावर चाललेला. त्यानंच तिला इतकी वर्षं गप्प बसवलं होतं, हे त्याच्या तोंडाकडे बघून कुणालाही कळलं असतं.

"वयनी," महिपती म्हणाला, "काडून टाकू का? तुमी म्हनाल तसं करतो."

कमलम्मानं हातातली विडी पूर्ण वळली, दोरा बांधला. मग म्हणाली, "राहू द्या, अण्णा. पण दार बंद ठेवा. आणि माईकवर त्यांचं नाव घ्या. दारुडा नव्हता म्हणा."

"आगं पर आबासाहेब..." दीर म्हणाला.

"तू आत जा," ती त्याला म्हणाली. तो आत गेला.

मंडळाच्या पोरांत वाद झाला. निम्मी आबासाहेबांना भ्यायची. पण कर्ण्यावर सगळी पेठ ऐकून बसली होती आणि आता झाकायला काही उरलं नव्हतं. मांडव चालू राहिला. माईकवर बोलायला कुणी पुढे होईना, तेव्हा महिपती मला म्हणाला, "बाई, तुमी बोला." मी माईक हातात घेतला. दोन-तीन वाक्यंच बोलत होते. नरसय्या मागावर होता, तो वाचला होता, बायकोसाठी परत आत गेला, आणि तो दारू पीत नव्हता. मग अंधार, आणि दाराखालची ती रेघ.

लोक कुठून कुठून आले. ज्यांच्या घरातली बाई शेडमध्ये कामाला होती ते तर घरदार घेऊन आले. बाप्पाला हात जोडायचे आणि त्या पुठ्ठ्याच्या दारापुढे उभे राहायचे. त्यानंतर तिसऱ्या दिवशी आबासाहेब आले. पुढे घुसले नाहीत, रांगेतून आले. दारापुढे बराच वेळ थांबले. मागचे लोक ढकलत नव्हते. मग ते टोपी हातात धरून निघून गेले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी शेडच्या दारांत बायका उभ्या राहिल्या. कांड्या भरणाऱ्या, सूत उकलणाऱ्या, साऱ्या. आत कुणी जाईना. गोजरबाई म्हणून एक वयस्क बाई होती, तिनं मालकांना तोंडावर सांगितलं, "आदी भायेरली कडी काडा, मग आमी आत येतो." माग बंद राहिले. पेठेत एरवी दिवसभर खटखटाट असतो, तो नसला की कानात दडे बसल्यासारखं होतं. मालक एकमेकांकडे बघू लागले. एकानं पोलीस बोलावण्याची धमकी दिली. आबासाहेबांनी मात्र कुणाला काही न विचारता महिपतीला निरोप पाठवला, "ये आणि काढ."

महिपती पाना आणि हातोडी घेऊन गेला. आबासाहेबांच्या तिन्ही शेडच्या बाहेरच्या कड्या त्यानं उपटल्या. आबासाहेब शेवटची कडी निघेपर्यंत उभे होते. मग शेजारच्या शेडवाल्यानंही बोलावलं, मग त्याच्या शेजारच्यानं. धमकी देणाऱ्यानं सगळ्यात शेवटी. संध्याकाळी महिपती पोतं खांद्यावर टाकून आला, ते त्यानं ओसरीत आपटलं, तेव्हा आतल्या लोखंडाचा आवाज ऐकून रंभाबाई चुलीपासून उठून बाहेर आली. इतक्या कड्या! आम्ही दोघी बघतच राहिलो. रोज ज्या शेडवरून आम्ही भाजी आणायला जात होतो, त्यांच्याच होत्या त्या.

पुढं कायद्यानं काही झालं नाही. एक हवालदार आला, कमलम्माचं म्हणणं लिहून घेऊन गेला, आणि प्रकरण जुनं आहे असा निरोप आला. धोंडीराम नातेपुत्याला बहिणीकडे गेला, तो परत आला नाही. तिथे तो उंबऱ्याबाहेर झोपतो, असं कुणी सांगितलं. खरंखोटं देव जाणे. आबासाहेबांनी महिपतीला परत कधी काम दिलं नाही. त्यांच्याकडे बघून इतरांनीही हात आखडला. वर्ष-दीड वर्ष महिपती गावाकडच्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करत हिंडला. रंभाबाईनं एकदाही त्याला बोल लावला नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "बाई, त्या राती वायर मीच उपटली की. मला म्हाईत हाय त्यानी काय बगितलं ते."

माझ्या वर्गात ती शिवी मात्र बंद झाली. मला कुणाला सांगावं लागलं नाही.

मांडव उतरवला त्या दिवशी महिपतीनं ती शेड फडक्यात बांधून कमलम्माच्या घरी नेली होती. त्याला वाटलं, तिची वस्तू आहे, तिच्याकडे राहावी. कमलम्मानं फडकं सोडलंसुद्धा नाही.

"मला कशाला, अण्णा?" ती म्हणाली. "मी तिथंच होते."

महिपती फडकं तसंच घेऊन माघारी आला. त्यानं अंगणात बसून शेड सुटी केली. आधी लाल दिवे एकेक करून काढले, पाय वाकू न देता, आणि कागदाच्या पुडीत ठेवले. मग पुठ्ठा फाडून रंभाबाईच्या चुलीपाशी टाकला. रंभाबाईनं तो चुलीत घातला नाही. तिनं तो उचलला, गल्लीच्या टोकाच्या उकिरड्यावर नेऊन टाकला आणि हात धुऊन भाकरी थापायला बसली.